सातारा-सांगलीहून थरच्या वाळवंटात, साध्या गाडीवर आणि मोजक्या पैशांत

जैसलमेरला दुचाकीवरून जायला मोठी, महागडी गाडी लागते हा समज आधी काढून टाका. रोज कामावर जाणारी शंभर ते सव्वाशे सीसीची गाडी या प्रवासाला पुरते. ती लिटरला पन्नासच्या पुढे चालते आणि वाळूत पडली तर एकट्याने उचलता येते. शिवाय बाडमेरच्या कुठल्याही चौकातला मेकॅनिक तिचं इंजिन डोळे झाकून खोलू शकतो. मोठ्या गाडीची केबल तुटली की सुटा भाग जोधपूरहून येईपर्यंत दोन दिवस लॉजचं भाडं भरत बसावं लागतं.

असा प्रवास महाग होतो तो बहुतेक वेळा उशिरामुळे. शहरात रात्री आठला पोचलात की दिसेल ते लॉज मागतील त्या भाड्याला घ्यावं लागतं. वाळवंटात उशीर झाला की अंधारात गाडी हाकावी लागते. सर्व्हिसिंगला उशीर केला की चेन रस्त्यात तुटते. पुढचं सगळं नियोजन हे डोक्यात ठेवून केलेलं आहे: दिवसाला सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामाला पोचायचं.

मार्ग असा: सातारा, पुणे, नाशिक, सापुतारा, भरूच, अहमदाबाद, पाटण, बाडमेर, जैसलमेर, जोधपूर. जोधपूरला गाडी रेल्वेत टाकून परत. आजूबाजूचं फिरणं धरून साधारण दोन हजार किलोमीटर आणि जाण्या-फिरण्याचे बारा दिवस. गाडीवरच परत यायचं म्हटलं तर आणखी बाराशे किलोमीटर आणि चार-पाच दिवस वाढतात. त्यात नवं काही दिसत नाही. टायर आणि कंबर मात्र झिजते.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. एप्रिलपासून जैसलमेर-बाडमेरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा दुचाकीवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. हिवाळ्यात दिवस पंचविशीच्या आसपास असतो, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाच-सात अंशांवर येतात. महाबळेश्वरची थंडी माहीत असलेल्यालाही वाळवंटातली कोरडी थंडी वेगळी लागते. ती अंगात शिरते ती गाडी चालवताना, वाऱ्यामुळे.

दोन काळ टाळा. दिवाळीच्या सुट्टीत गुजरातेतले लोक मोठ्या संख्येने राजस्थानात उतरतात आणि नाताळ ते नववर्ष तर सगळीकडेच गर्दी असते. दोन्ही वेळी चारशेचं दालन हजाराला जातं. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरू महोत्सव असतो. तो पाहायचा असेल तर राहण्याची सोय महिनाभर आधी करून ठेवा.

पैशांचा हिशेब

एका माणसाचा, एका गाडीचा अंदाज. पेट्रोल ४० लिटर, म्हणजे चार हजार. अकरा रात्रींचं राहणं सरासरी चारशेने ४,४००. खाणं-पिणं दिवसाला साडेतीनशे धरून ४,२००. निघण्याआधीचं सर्व्हिसिंग २,५००, सुटे भाग हजार. किल्ले, संग्रहालयं, उंटाची फेरी आणि वाळूतली एक रात्र मिळून २,०००. परतीचं तिकीट आणि गाडीचं रेल्वेभाडं, बांधणीसह ३,५००. झाले २१,६००. यावर तीन हजार वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ते प्रवासखर्चात धरू नका. बाडमेरच्या पुढे दर वेळी यूपीआय चालेल असं नाही, म्हणून दोन हजार तरी सुट्ट्या नोटांत असू द्या.

पेट्रोलची एक गोष्ट उपयोगी पडते. गेली काही वर्षं गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्र आणि राजस्थान या दोन्हींपेक्षा लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त आहे. नाशिकमध्ये टाकी गच्च भरू नका, सापुतारा उतरून वघईपर्यंत पुरेल एवढंच घ्या. आणि राजस्थानात शिरण्याआधी, धानेऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, टाकी काठोकाठ भरा.

गाडीची तयारी

निघायच्या पंधरा दिवस आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. नवीन बसवलेल्या भागात खोट असेल तर ती दोन-तीनशे किलोमीटरमध्ये कळते, आणि ती घराजवळ कळलेली बरी.

चेन आणि स्प्रॉकेट वीस हजार किलोमीटरच्या पुढे गेले असतील तर पूर्ण संच बदला. फक्त चेन बदलली तर जुन्या स्प्रॉकेटचे झिजलेले दात नवी चेन महिनाभरात खातात. चेन वर-खाली हलवली तर मध्यभागी दोन ते तीन सेंटिमीटर ढिली हवी. सामान लादल्यावर मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते, म्हणून माप सामान लादून, वर बसूनच घ्या. फार घट्ट चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण देते.

मागच्या टायरची नक्षी निम्म्याहून कमी उरली असेल तर नवा टायर टाका. गाडीला ट्यूबचे टायर असतील तर पुढची एक, मागची एक अशा दोन ट्यूब सोबत ठेवा. रस्त्याकडेचे पंक्चरवाले सगळीकडे आहेत, पण तुमच्या मापाची ट्यूब त्यांच्याकडे असेलच असं नाही. राजस्थानात बाभळीचे काटे टायरमधून आरपार जातात, आणि एका काट्याने दोन-तीन भोकं पडली की ठिगळ लावण्यापेक्षा ट्यूब बदलणं लवकर होतं.

क्लच केबलची युक्ती जुने मेकॅनिक सांगतात ती खरंच करण्यासारखी आहे. नवी केबल जुन्या केबलच्या बाजूनेच टाकीखालून ओवून ठेवा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. जुनी तुटली की टाकी न काढता दहा मिनिटांत नवी जोडता येते.

एअर फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे ते मेकॅनिकला विचारून घ्या. स्पंजचा असेल तर धुऊन, तेलाचा हात देऊन परत बसवता येतो. तेलकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारून साफ करू नका. हवेच्या दाबाने कागदावरचं तेल आणि धूळ आत ढकलली जाते. असा फिल्टर बदलायचाच असतो, म्हणून एक जादा घ्या. दोनशेच्या आसपास मिळतो.

हत्यारांच्या पिशवीत स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, १० ते १७ पर्यंतचे पाने, मागच्या चाकाच्या नटाचा पाना, दोन टायर लिव्हर, पंक्चरचं सामान, पायाने मारायचा छोटा पंप, ॲक्सिलरेटर केबल, दोन फ्यूज, प्लॅस्टिकचे टाय, थोडी बारीक तार आणि एम-सील. पंप विसरू नका. तो का लागतो ते वाळूच्या भागात येईल.

बीएस-६ म्हणजे फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर चालवताना टाकी पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. टाकी पाव उरली की भरायची.

कागदपत्रांत लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधल्या प्रती चालतात, पण नेटवर्क नसलेल्या जागी फोन उघडत बसण्यापेक्षा छापील प्रत बरी. रेल्वेत गाडी टाकताना तर प्रती लागतातच. आरसी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं संमतीपत्र आणि आधारची प्रत ठेवा.

जमलं तर आठवडाभर आधी एक चाचणी फेरी मारा, पूर्ण सामान लादून: सातारा, दहिवडी, म्हसवड, आटपाडी आणि परत. माणदेशातला मोकळा वारा, सावली नसलेला रस्ता आणि माणगंगेकाठची वाळू ही थरची लहानशी ओळखच आहे. सामान कुठे घसरतं, कोणता पट्टा सैल होतो, पाठ कुठे दुखते हे एका दिवसात समजतं. सामान बांधायला बाजारातल्या हुकच्या दोरीपेक्षा ट्यूब कापून केलेले रबराचे पट्टे घ्या. हुक उसळून डोळ्याला लागल्याची उदाहरणं आहेत. आणि पट्टे पंक्चरवाल्याकडे जवळजवळ फुकट मिळतात.

काय न्यायचं

सगळं मिळून बारा किलोच्या आत. जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला, सीटच्या जवळ. मागच्या कॅरिअरवर उंच रचलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वाळूत हँडल ऐकत नाही.

थंडीसाठी एक जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: सुती बनियन, लोकरी किंवा फ्लीसचा थर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. माणदेशी घोंगडीसारखी ऊब दुसऱ्या कशात नाही हे खरं, पण दुचाकीवर ती जागा खाते. हातमोजे, गळ्याला सुती पंचा, डोळ्यांना पारदर्शक काचेचा गॉगल. नाकात आणि ओठांना लावायला खोबरेल ठेवा. कोरड्या हवेत नाकाची आतली कातडी फुटून रक्त येतं, आणि अनेक जण त्याने उगीच घाबरतात.

खाण्यात आपल्या भागाचं सामान फार कामाला येतं. तासगावचे बेदाणे, शेंगदाणे आणि गूळ एकत्र करून अर्ध्या किलोची पुडी सीटजवळ ठेवा. भडंग हलकं असतं आणि आठवडाभर टिकतं. शेंगदाण्याची चटणी असली की कुठल्याही ढाब्यावर नुसती रोटी आणि दही घेऊन जेवण होतं. साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचे तर घरमालकांना, मेकॅनिकला द्यायला न्या. अनोळखी गावात त्या चार पेढ्यांनी जे काम होतं ते पैशांनी होत नाही.

पाणी: रस्त्यावर माणशी तीन लिटर, बाडमेरच्या पुढे आणखी दोन लिटर राखीव. तिथलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आणि फ्लोराईडयुक्त असतं, ते सलग पिऊ नका. दुकानांत वीस लिटरचे गार पाण्याचे जार असतात. त्यांना तिकडे ‘कॅम्पर’ म्हणतात, आणि त्यातून आपली बाटली दहा-पंधरा रुपयांत भरून मिळते. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिणं ही नेहमीची चूक. दुपारी डोकं दुखायला लागलं की ते बहुधा पाण्यासाठीच दुखत असतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट चहाच्या चमच्याने, एवढं करून घोट घोट घ्या.

सातारा ते अहमदाबाद: तीन दिवस

मुंबईमार्गे जाण्याचा मोह टाळा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या घाटाने उतरून पुढे पनवेल, मुंब्रा, भिवंडी, घोडबंदर या अवजड वाहनांच्या पट्ट्यात अर्धा दिवस जातो. नाशिक-सापुतारा रस्ता अंतराला फार वेगळा नाही आणि डोक्याला पुष्कळ हलका आहे.

पहिला दिवस सातारा ते नाशिक, साधारण ३२० किलोमीटर. पहाटे पाचला निघा, म्हणजे आठच्या आत चाकण मागे पडेल. त्यानंतर चाकणमध्ये अडकलात तर दीड तास गेलाच समजा. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असं दुपारी तीनपर्यंत नाशिक. पंचवटीत धर्मशाळा आणि साधी लॉज भरपूर आहेत.

सांगलीकरांनी नाशिक एका दिवसात गाठायचा प्रयत्न करू नये. नारायणगाव किंवा आळेफाट्याला थांबा आणि एक दिवस वाढवा. शिवाय हा उसाचा हंगाम. पेठ नाक्यापर्यंतच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात, बंद पडलेले उभेही असतात. पेठ नाका उजाडल्यावरच गाठा.

दुसरा दिवस नाशिक, दिंडोरी, वणी, सापुतारा, वघई, वांसदा, चिखली आणि तिथून महामार्गाने भरूच. तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. सापुताऱ्याच्या उताराला इंजिनवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापून ब्रेक लागेनासा होतो. एक लक्षात ठेवा: गुजरातेत दारूबंदी आहे, सामानात बाटली सापडली तर प्रवास पोलीस ठाण्यात संपतो. भरूचला खारी शिंग घ्या, म्हणजे खारे शेंगदाणे. त्यासाठी ते गाव प्रसिद्ध आहे.

तिसरा दिवस छोटा, भरूच ते अहमदाबाद १९० किलोमीटर. वडोदऱ्याला सावध राहा. तिथून अहमदाबादला जाणाऱ्या एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तुम्हाला आणंद-नडियादचा जुना महामार्ग धरायचा आहे. फोनवरच्या नकाशात दुचाकीचा पर्याय निवडलेला नसेल तर तो बिनदिक्कत एक्स्प्रेसवेकडे नेतो. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर टोल नाही, डाव्या कडेच्या अरुंद वाटेने निघा. रस्त्यात अडचण आली तर महामार्गाची मदतवाहिनी १०३३, बाकी कशाहीसाठी ११२.

अहमदाबाद: शहरात गाडी उभी करून ठेवा

दोन रात्री राहा. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान शिरा. त्या वेळी वर्दळ त्यातल्या त्यात कमी असते आणि चार लॉज बघून निवडायला उजेडाचे तास हाती राहतात. कालुपूर स्टेशनच्या आसपास स्वस्त खोल्या आहेत. भाडं ठरवण्याआधी तीन गोष्टी बघा: गाडी आत किंवा दरवाज्यासमोर लावता येते का, गरम पाणी बादलीने आहे की नळाला, आणि खोली कोणत्या वेळेला सोडायची. काही लॉज चोवीस तासांचा हिशेब धरतात, काही दुपारी बाराचा. दुपारी आलेल्या माणसाला चोवीस तासांचं लॉज परवडतं.

मग गाडीला कुलूप लावून दोन दिवस मेट्रो, ‘जनमार्ग’ची बस आणि पाय वापरा. जनमार्गची बस रस्त्याच्या मधल्या कठड्याच्या पट्ट्यातून धावते. त्या पट्ट्यात दुचाकी घातली की दंड होतो, आणि बाहेरगावचे लोक मोकळा रस्ता बघून नेमके तिथेच शिरतात.

जुन्या शहरातल्या पोळी, म्हणजे आत वळत जाणाऱ्या गल्ल्यांच्या वस्त्या, सकाळी सात ते नऊ या वेळेत पायी पाहा. या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती यांच्यामुळेच. सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी, १४२४ ची जामा मशीद, साबरमती आश्रम, यांतल्या कशालाही फारसा खर्च नाही. माणेक चौकात रात्री खाण्याची जत्रा भरते. तिथे एखादी गोष्ट चाखा, पोट मात्र भोजनालयातल्या पोटभर थाळीने भरा.

पाटणमार्गे बाडमेर

अहमदाबादहून सकाळी निघून अठरा किलोमीटरवर अडालजची पायऱ्यांची विहीर, पुढे मेहसाण्याहून पंचवीस किलोमीटरवर मोढेऱ्याचं अकराव्या शतकातलं सूर्यमंदिर, आणि मग पाटणची राणी की वाव, म्हणजे तशीच पायऱ्यांची विहीर. शंभराच्या जांभळट नोटेवर मागे जी दिसते तीच. दुष्काळी भागात पाण्याला लोकांनी किती मोल दिलं हे तिच्या सात मजल्यांवरून कळतं, आणि वाळवंटात शिरण्याआधी ती पाहावी अशी आमची आग्रहाची सूचना आहे. मुक्काम डीसाला.

दुसऱ्या दिवशी धानेरा, सांचोर, बाडमेर. अंतर सव्वादोनशेच्या आसपास, रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो. दर पन्नास किलोमीटरला उतरून पाच मिनिटं चाला. सांचोरनंतर झाडी विरळ होते, खेजडी, म्हणजे शमी, दिसायला लागते, आणि डांबरावर वाळूचे पट्टे पसरलेले आढळतात. अशा पट्ट्यावर पोचण्याआधीच वेग कमी करा. पट्ट्यावर असताना पुढचा ब्रेक धरला तर गाडी हमखास पडते.

इथून पुढे वेळापत्रक बदला. महाराष्ट्रातली पहाटे पाचची सवय इथे चालत नाही. जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला असल्यामुळे जानेवारीत सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. त्याआधी रस्त्यावर नीलगाई, उंट, गुरं असतात. उंटाचे पाय काळोखात दिव्याच्या उजेडात काठ्यांसारखे दिसतात, धड दिव्याच्या वर राहतं, त्यामुळे तो शेवटच्या क्षणीच कळतो. साडेसातला निघा, चारला थांबा.

वाळूत गाडी

आधी मर्यादा सांगतो. साध्या गाडीने वाळूच्या टेकडीवर चढायचं नाही. क्लच जळतो आणि हाती काही लागत नाही. शिवाय जैसलमेरजवळच्या सम-खुडी भागाचा मोठा पट्टा मरू राष्ट्रीय उद्यानात येतो. माळढोक, ज्याला तिथे गोडावण म्हणतात, त्याच्या शेवटच्या घरांपैकी हे एक. तिथे आडवाटेने गाडी घालू नका. वाळूत चालवायची वेळ येते ती ढाणीपर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत जाणाऱ्या कच्च्या वाटेवर. एक-दोन किलोमीटर, तेवढ्यापुरतं हे पुरे.

टायरची हवा कमी करा: पुढे १८, मागे २० पीएसआय. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि कमी रुततो. ट्यूबच्या टायरमध्ये याच्या खाली जाऊ नका. टायर रिमवर घसरतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. अशा फाटलेल्या ट्यूबला ठिगळ लागत नाही. डांबरावर परतल्यावर लगेच पंपाने हवा भरा. कमी हवेने वेगात गेलात तर टायर तापून कडेने चिरतो.

शरीर मागे, नजर लांब, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. हँडल थोडं इकडे-तिकडे वळणारच, ते घट्ट धरून सरळ करायला गेलात की पडता. वेग एकदम सोडला की पुढचं चाक खोदत आत जातं. थांबायचं असेल तर टणक किंवा उताराची जागा बघून, ब्रेक न लावता थांबा.

रुतलात तर इंजिन रेटू नका. चाक फिरत राहिलं की खड्डा खोल होतो, एवढंच. उतरा, गाडी सावकाश एका कुशीवर आडवी करा, चाकाखालचा खड्डा पायाने वाळू लोटून भरा, गाडी उभी करा आणि शेजारून चालत, पहिल्या गिअरमध्ये हळूच बाहेर काढा. जळका वास आला तर दहा मिनिटं इंजिन बंद. साइड स्टँड वाळूत रुतून गाडी पडते, म्हणून पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा जवळ ठेवा.

चेनला वाळूत जाण्याआधी तेल लावू नका. तेलाला वाळू चिकटून त्याचा कानस होतो आणि तो चेन खातो. वाळूतून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, आणि डांबरी रस्त्याला लागण्याच्या आदल्या रात्री पातळ हाताने गिअर ऑईल लावा. एरवी दर पाचशे किलोमीटरला.

जैसलमेर, खुडी, तनोट

जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, आणि अजून माणसांनी भरलेला. आत राहायला गंमत वाटते, पण किल्ल्याच्या पायाला सांडपाणी मुरून तडे जाण्याचा प्रश्न जुना आहे. बाहेर राहा. किल्ल्याचा मान राखण्याइतकाच त्यात तुमचाही फायदा आहे: खोली स्वस्त आणि गाडी दारात. तीनशे-चारशे रुपयांत हॉस्टेलचा पलंग मिळतो. शंभर-दीडशेत खोली देतो म्हणणाऱ्यापासून सावध. तो खोलीचा तोटा उंटाच्या सफरीतून काढतो, आणि सफर नाकारली की खोली ‘आधीच दिलेली’ निघते.

वाळूतल्या रात्रीसाठी सम की खुडी? सम शहरापासून चाळीस किलोमीटर, तिथे तंबूंची रांग, जीपचा गोंगाट, मोठ्या आवाजातली गाणी. खुडी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, गावच आहे, शांत आहे. आमचं मत स्पष्टपणे खुडीच्या बाजूचं. समच्या रस्त्यावर दलाल दुचाकीवरून पाठलाग करत भाव सांगतात. थांबू नका, हात हलवून पुढे जा. उंटाचा सौदा करताना चार गोष्टी बोलून घ्या: भाव माणशी की उंटामागे, किती वेळ, परत कोण आणणार, आणि जेवण-पांघरूण धरून आहे का. ‘राम राम सा’ म्हणून बोलणं सुरू केलं की समोरचाही निवांत होतो.

तनोट मातेचं मंदिर जैसलमेरहून १२० किलोमीटर. ते सीमा सुरक्षा दल सांभाळतं. १९६५ च्या युद्धात तिथे पडलेले पण न फुटलेले तोफगोळे मंदिरात ठेवलेले आहेत. परतताना १९७१ ची लोंगेवाला रणभूमी बघता येते. टाकी जैसलमेरला भरा आणि रामगडला पुन्हा काठोकाठ करा, पुढे भरवसा नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा. मंदिराच्या पुढे सीमेकडे परवानगीशिवाय जाता येत नाही. ड्रोन घरीच ठेवा, लष्करी ताफ्याचे फोटो काढू नका. रस्ता उत्तम आहे, पण आडवा वारा सुटला की गाडी एका बाजूला ढकलली जाते. तेव्हा वेग पन्नासच्या आत आणि ट्रक शेजारून जाताना दोन्ही हात पक्के.

जोधपूर

जैसलमेर ते जोधपूर २८० किलोमीटर, वाटेत पोकरण. रामदेवरा हे यात्रेचं गाव तिथून बारा किलोमीटर आत आहे, धर्मशाळा अनेक, गाडी बिघडली किंवा उशीर झाला तर मुक्कामाची सोय म्हणून लक्षात असू द्या.

जोधपूरला घंटाघराच्या मागच्या गल्ल्यांत रिक्षाही कशीबशी वळते. सामान लादलेली गाडी आत घालू नका, बाहेर लावून खोली बघून या. १४५९ मध्ये राव जोधाने सुरू केलेला मेहरानगड सकाळी नऊला उघडताना गाठा. तिकीट महाग वाटलं तरी द्या, हा पैसा वाया जात नाही. तूरजीचा झालरा ही पायऱ्यांची विहीर फुकट पाहता येते. मिरची वडा दोन खाल्ले की दुपारचं जेवण होतं. खेजडली गाव शहरापासून पंचवीस-एक किलोमीटरवर. १७३० मध्ये खेजडीची झाडं तोडू न देता बिश्नोई समाजातली ३६३ माणसं तिथे मारली गेली. जाल तर पादत्राणं आणि आवाज दोन्ही बाहेर ठेवून जा.

आणखी चार दिवस असतील तर राणकपूरमार्गे उदयपूर करा, अडीचशे किलोमीटर. मग गाडी तिथून महामार्गाने अहमदाबादला न्यावी लागेल आणि खर्च पाच-सहा हजारांनी वाढेल.

गाडी रेल्वेत टाकणं

जोधपूरहून पुणे-मिरज बाजूला थेट रेल्वेगाड्या आहेत. रेल्वे जिथून सुटते तिथे सामान चढवायला वेळ मिळतो, म्हणून जोधपूर सोयीचं. उतरवण्याचं स्टेशन पुणे किंवा मिरज ठेवा. साताऱ्याला थांबा मोजक्या मिनिटांचा असतो आणि तेवढ्यात दुचाकी उतरली नाही तर ती पुढे निघून जाते. तिकीट महिनाभर आधी काढा. त्याच तिकिटावर दुचाकी ‘लगेज’ म्हणून बुक केली तर ती तुमच्याच रेल्वेने येते. ‘पार्सल’ म्हणून टाकली तर जागा असेल तेव्हा येते.

आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जाऊन त्या रेल्वेत जागा आहे का ते विचारा. आरसी, ओळखपत्र आणि तिकिटाच्या दोन-दोन प्रती न्या. टाकी पूर्ण रिकामी हवी. तिथले लोक झाकण उघडून बघतात. म्हणून शेवटच्या दिवशी पेट्रोल हिशेबाने भरा आणि उरलेलं दुसऱ्या गाडीवाल्याला द्या. आरसे काढून सामानात घ्या. बांधणारे स्टेशनबाहेरच असतात: टाकी, हेडलाइट आणि हँडलला पुठ्ठा व पेंढा, वरून गोणपाट. भाव बांधण्याआधी ठरवा. नाव, फोन, कुठून कुठे हे पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून दोन जागी लावा, एक चिठ्ठी गोणपाटाच्या आतही ठेवा. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या थोड्या सैल करून आत वळवल्या तर धक्क्याने तुटत नाहीत. पावतीचा फोटो लगेच काढा.

उतरल्यावर गाडी त्याच दिवशी ताब्यात घ्या, पडून राहिली की तासावर भाडं चढतं. टाकी कोरडी असते आणि सुट्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंप नाही म्हणू शकतो, म्हणून गाडी ढकलत न्यायची तयारी ठेवा किंवा मित्राला स्टेशनवर बोलावून घ्या.

घरी आल्यावर दोन दिवसांत इंजिन ऑईल आणि एअर फिल्टर बदला, दोन्ही चाकांचे ड्रम उघडून आतली वाळू झाडा, चेन रॉकेलने धुऊन पुन्हा तेल द्या. चाक उचलून हाताने फिरवा. घरघर ऐकू आली तर बेअरिंगमध्ये धूळ गेली आहे, ते तेव्हाच बदलून घ्या.